आकाशपाळण्याच्या रांगेविषयी अक्कास खुलासा

मेहरूण, जळगाव
शुक्रवार, आखाजीनंतरचा बारावा दिवस

तीर्थस्वरूप सौ. इंदिरा अक्कास,

धाकटा भाऊ लीलाधर याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं ठेवलं असं समज, प्रत्यक्षात ते टेबलफॅनसमोर आहे, कारण इथे पारा बेचाळिसावर आहे.) तुझी पाठ कशी आहे? म्हैस व्याली का, आणि या खेपेला पारडी झाली की पुन्हा रेडाच? चुडामण भाऊजींचा रक्तदाब किती असतो हे विचारायचा मला अधिकार नाही, कारण तो वाढवण्यात माझा हात आहे, तरी विचारतो. आम्ही इकडे ठीक. आईचे गुडघे जिना चढताना बोलतात, उतरताना गप्प असतात. मी तुला बारा दिवसांत अकरा फोन केले. (बारावा राहिला, कारण त्या दिवशी रिचार्ज संपलं होतं.) तू एकही उचलला नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र उचलावंच लागतं, निदान केर काढताना तरी.

आधी सरळ कबूल करून टाकतो. अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, तू तीन वर्षांनी माहेरी आलीस. दुपारी भाऊजींना घेऊन, भावाची नोकरी बघू म्हणून धरणगाव रस्त्यावरच्या आमच्या गंमत नगरीत आलीस. आणि मी, तुझा सख्खा भाऊ, आकाशपाळण्याच्या तोंडाशी उभा असून तुला ओळख दाखवली नाही. तू तिथूनच परस्पर धरणगाव स्टेशनवर गेलीस, गाडीत बसलीस आणि आईला फोनवर सांगितलंस की आता या दाराची पायरी चढणार नाही. आई संध्याकाळी साडेसातपर्यंत आंब्याचा रस काढून, मांडे झाकून, दाराकडे तोंड करून बसली होती. ती अजून माझ्याशी एक शब्दही बोललेली नाही, आणि आपली आई बोलत नाही म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको. तेव्हा हे पत्र म्हणजे माझा खुलासा समज. माफी शेवटी मागितली आहे. आधी कारणं आहेत, आणि ती जरा लांब आहेत.

माझ्या नोकरीचं नाव 'गर्दी व्यवस्थापक' असं आहे. तू मागे आईला विचारलं होतंस की लीलाधर तिथं नेमकं करतो काय. मी रांगा कमी करतो. म्हणजे करायच्या असतात. आमच्याकडे एक आकाशपाळणा, एक बोट, एक लहान मुलांची आगगाडी आणि पाण्याची एक घसरगुंडी आहे. पण लोक येतात ते पाळण्यासाठी. पाळण्याला सोळा डबे, डब्यात चार माणसं, म्हणजे एका फेरीत चौसष्ट. बनवणाऱ्याच्या पुस्तकात लिहिलंय की माणसं चढवून-उतरवून तासाला सहाशेचाळीस जण सहज होतात. आमचे मालक प्रेमराज सेठ यांनी ते पुस्तक पाठ केलंय. मला रुजू होताना त्यांनी एकच सांगितलं, की लीलाधर, सहाशेचाळीस. माझे होत होते दोनशेदहा.

आता तू म्हणशील, चौसष्ट माणसं चढवायला अवघड काय आहे? अक्का, पुस्तक लिहिणाऱ्याने खान्देशातलं कुटुंब पाहिलेलं नाही. पाच जणांचं घर आलं की चार बसतात, पाचवा म्हणतो मी एकटा दुसऱ्या डब्यात कशाला जाऊ, मग चारही उतरतात आणि तीन-दोन करतात. नवीन जोडपं आलं की त्यांच्यात तिसरा बसत नाही, आणि बसू पाहिला तर जोडपं त्याच्याकडे असं बघतं की तोच उतरतो. सासू-सून एका डब्यात बसत नाहीत, पण दुसऱ्या डब्यातली सून डोळ्यांआड झालेलीही सासूला चालत नाही. जावई बरोबर असला तर त्याला चांगल्या डब्यात बसवावं लागतं. (सगळे डबे सारखे आहेत. पण ज्याचा रंग ताजा तो चांगला.) एकदा एका डब्यात एक गृहस्थ आणि त्यांचा पाण्याचा थर्मास एवढेच वर गेले, कारण परक्याशेजारी बसायला कोणी तयार होईना. सरासरी काढली तर डब्याला दोन माणसं पडतात. हे वाटाघाटीचं सगळं डबा खाली थांबवून चालतं, त्यामुळे एका फेरीला नऊ मिनिटं जातात. तू हिशेबात माझ्यापेक्षा हुशार होतीस, तूच करून बघ.

मी स्वस्थ बसलो नाही, हे तुला कळावं. पहिल्यांदा मी रांगेच्या तोंडाशी पाटी लावली, की इथून पुढे किती मिनिटं थांबावं लागेल. हेतू असा, की पाळण्याला तासभर आणि आगगाडीला पाच मिनिटं असं वाचून लोक आगगाडीकडे वळतील. झालं उलटंच. पाच मिनिटांची पाटी वाचून लोक म्हणाले, इथं कोणी नाही म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणार. आणि तासाची पाटी वाचून म्हणाले, एवढे लोक थांबलेत म्हणजे माल चांगला आहे. आगगाडीचा ड्रायव्हर दिवसभर एकटाच गोल फिरत होता. मी पाळण्याची मिनिटं मुद्दाम वाढवून लिहिली, तर रांग आणखी वाढली. सेठनी पाटी बघून मला विचारलं की ही जाहिरातीची कल्पना तुझी का.

मग मी एकट्या माणसांसाठी वेगळी रांग काढली, म्हणजे डब्यातली रिकामी जागा एकेकट्याने भरता येईल. पहिल्या दिवशी त्या रांगेत दीडशे एकटे लोक उभे. पुढे आल्यावर त्यांतले आठ-आठ जण एकमेकांना ओळखीचे निघू लागले. एक बाई 'एकटी' म्हणून उभी होती, तिच्या कडेवर एक 'एकटा' होता आणि मागे पदराला धरून दोन. मी रांग बंद केली.

त्यानंतर चपलांचं झालं, ते तर आईनेही तुला सांगितलं नसेल. मी चिठ्ठ्या वाटल्या, की तुमचा नंबर सव्वातीनला आहे, तोपर्यंत बागेत फिरा, रस प्या. लोकांचा चिठ्ठीवर विश्वास बसेना. आपल्याकडे नंबर लागला की जागा सोडायची नसते. पण ऊनही सोसेना. म्हणून त्यांनी काय केलं, तर रांगेत चपला ठेवल्या आणि माणसं लिंबाखाली जाऊन बसली. चिठ्ठ्या माझ्या आणि रांग चपलांची. खरं सांगतो, मला ते आवडलं. बासष्ट जोड एका सरळ ओळीत, भांडण नाही, ढकलाढकली नाही, कोणी डब्याच्या रंगावरून बोलत नाही. मी निवांतपणे चहाला गेलो. परत येतो तर ओळ गायब. आमचा झाडूवाला उखर्डू, साठीचा आणि फार कामसू माणूस, त्याने रस्त्यात पडलेल्या चपला पाहिल्या, सगळ्या गोळा केल्या, फाटकापाशी नेल्या आणि लहान-मोठ्या मापाप्रमाणे मांडून ठेवल्या. वर मला म्हणाला, "साहेब, बठ्ठा पसारा आवरी टाका मी." लिंबाखालच्या बासष्ट माणसांपैकी प्रत्येकाचं म्हणणं होतं की माझी चप्पल तिसरी होती. तो दिवस कसा निभावला ते मलाच ठाऊक. सेठनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की आखाजीपर्यंत आकडा सुधारला नाही, तर फाटकावर तिकिटं फाडायला बसवीन.

आणि आखाजीची सवलत सेठचीच कल्पना. आखाजीला झोका खेळायचा असतो, झोका म्हणजे आपलाच पाळणा, तेव्हा त्या दिवशी माहेरवाशिणींना पाळणा मोफत, असं त्यांनी रिक्षा फिरवून जाहीर केलं. मी विचारलं, सेठ, माहेरवाशीण ओळखायची कशी? ते म्हणाले, विचारायचं, सासर कुठलं? अक्का, जळगाव जिल्ह्यात सासर नसलेली बाई आखाजीला घराबाहेर पडते का? सकाळी दहालाच पाचशे बायका आल्या. साडेदहाला सेठनी पाहिलं की तिकीटवाल्याने त्याची मेहुणी आणि तिच्या चार नणंदा बाहेर जायच्या दाराने आत घेतल्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं करून बजावलं, की आज ज्याच्या ओळखीचं माणूस रांग सोडून पुढे आलेलं दिसेल, तो संध्याकाळी घरी जाईल तो परत येणार नाही. आणि ते खुर्ची टाकून माझ्यापासून दहा हातांवर बसले.

आणि पावणेतीनला तू आलीस. हिरवं लुगडं, भाऊजींच्या डोक्यावर पांढरी टोपी. तू लांबूनच हात केलास. माझ्या हातात माणसं मोजायचं ते बटणाचं यंत्र होतं. सेठ बघत होते. मला वाटलं, मी हसलो तर तू पुढे येशील, तू पुढे आलीस तर सेठ विचारतील, सेठनी विचारलं तर मी खोटं बोलू शकणार नाही. म्हणून मी हसलो नाही. तू अगदी समोर आलीस आणि मी, जन्मल्यापासून तुझ्या कडेवर वाढलेला माणूस, तुला म्हणालो, "किती जण?" भाऊजी म्हणाले, "हाऊ तुना भाऊ शे का सरकारी मानूस?" मी यंत्राचं बटण दोनदा दाबलं आणि मागच्या टोकाकडे बोट दाखवलं. जावयाला सासुरवाडीत रांगेचं टोक दाखवणारा मी पहिलाच असेन. पाटीवर एक तास पन्नास मिनिटं लिहिलेलं होतं.

तू गेली नाहीस. भाऊजी रसवंतीपाशी जाऊन बसले, आणि तू रांगेत उभी राहिलीस. मला वाटलं तू रडत असशील, म्हणून मी तिकडे बघितलं नाही. (पाठ फिरवायला मला कामाचं निमित्तही होतं.) पंधरा-वीस मिनिटांनी मागून गाणं ऐकू आलं. वळून बघतो तर आखाजीची गाणी चालली होती, आणि तू मधे उभी राहून बायकांना विचारत होतीस, तुझं माहेर कुठलं गं, तुझं कुठलं. "धरणगावन्या कितल्या जनी शेतस? चार? मंग एकच पाळनामा बठा!" चार परक्या बायका, चार वेगळ्या सासरच्या, पण माहेर एक निघालं म्हटल्यावर एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. एक एरंडोलची उरली होती, तिच्यासाठी तू रांगेत मागे हाक दिलीस आणि तीन सापडल्या. त्या पुढे आल्या तेव्हा कोणी हरकत घेतली नाही, कारण त्या माहेराला चालल्या होत्या ना. माझ्यापाशी येईस्तोवर चौकड्या तयार. पाचवी नाही, सासू नाही, थर्मास नाही. बसा म्हटलं की बसत होत्या.

तू एक तास दहा मिनिटांत पुढे पोचलीस. पाटीपेक्षा चाळीस मिनिटं आधी, आणि ती सगळी तूच वाचवलेली. मी यंत्रावरचा आकडा नंतर पाहिला, तासाला तीनशे ऐंशी पडले होते. पाळणा तोच, मोटर तीच, उन्हाचा पाराही तोच. आणि मी मुद्दाम विचारून घेतलं, त्या तासात तक्रार एकही नव्हती. उलट दोघी बायका म्हणाल्या की नंबर फार लवकर आला, गाणं अर्धंच राहिलं.

पण तू पाळण्यात बसली नाहीस. माझ्यासमोर तीन बायकांना बसवलंस, चौथीला मागून ओढून आणलंस, तिचा पदर आत घेतलास, डब्याची साखळी लावलीस आणि बाहेर निघून गेलीस. माझ्याकडे बघितलंही नाहीस. माझ्या यंत्राला वजा करायचं बटण नाही, त्यामुळे हिशेबात तू त्या दिवशी पाळण्यात बसलेली आहेस. मी हाक मारायला हवी होती. सेठ तेव्हा लघवीला गेले होते, म्हणजे तेही कारण उरलं नव्हतं. मला लाज वाटली. खरं कारण एवढंच आहे, वरची सगळी पानं त्याच्याभोवतीची.

तर अक्का, मला माफ कर. माझं दुसरं काही मागणं नाही. भाऊजींना माझा नमस्कार सांग. ते घेतील तेव्हा घेतील. पोरांना आशीर्वाद.

तुझा लहान भाऊ,
लीलाधर

ता. क. माझं दुसरं काही मागणं नाही असं वर लिहिलं, त्यात थोडी दुरुस्ती आहे. प्रेमराज सेठनी तो तीनशे ऐंशीचा आकडा पाहिला आणि विचारलं की हे कसं केलंस. मी म्हणालो, माहेरवार चौकड्या पाडल्या. त्यांनी विचारलं, कल्पना कोणाची? मी गप्प राहिलो, आणि ते माझीच समजले. त्यांनी मला पेढा दिला. आता येत्या रविवारी त्यांचे नाशिकचे दोन पाहुणे हीच पद्धत बघायला येणार आहेत. मी मधल्या एका दिवशी करून पाहिलं, पण मी बाईला माहेर विचारलं की ती आधी नवऱ्याला बोलावते. तेव्हा रविवारी दुपारी दोन ते पाच तू जर रांगेत उभी राहिलीस, तर बरं होईल. या खेपेला मी ओळख दाखवीन. जाण्या-येण्याची गाडी सेठ देतील.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर मी आईला वाचून दाखवला. बारा दिवसांनी ती माझ्याशी बोलली. काय बोलली ते लिहीत नाही, ती शिंदखेड्यातल्या तुझ्या शेजाऱ्यांनाही ऐकू आली असेल. वरचा ता. क. खोडला तर पान घाण दिसेल, म्हणून तो रद्द समज. संध्याकाळी जाऊन सेठना सांगितलं, की कल्पना माझी नव्हती, रांगेतल्या एका बाईची होती, ती माझी सख्खी बहीण होती आणि मी तिला ओळख दिली नाही. मला वाटलं आता फाटकावरची तिकिटं नक्की. सेठ म्हणाले, "अरे, नियम नातेवाइकांसाठी होता, बहिणीसाठी थोडाच असतो!" म्हणजे सगळ्या गंमत नगरीत हे फक्त मलाच कळलं नव्हतं. मी उद्याची आणि रविवारची सुट्टी मागितली. पाहुण्यांचं काय करायचं ते सेठ बघतील, आणि नोकरीचं सोमवारी कळेल.

ता. क. तिसरा. शनिवार, सकाळचे सव्वाअकरा, तुझा ओटा. टपालाने चार दिवस लागले असते, म्हणून पत्र घेऊन मीच आलो. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. मी हाक मारली, शिट्टी थांबली, पण दार उघडलं नाही, म्हणजे तू घरात आहेस. भाऊजी खिडकीतून एकदा बघून गेले. मी उभा राहीन, माझी काही हरकत नाही, मला किती वेळ ते सांगूही नको. पण आई बरोबर आली आहे. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही हा तिचा नेम तुला माहीत आहे; त्यापायी तुझ्या लग्नानंतर एकदाही ती इथे आलेली नाही. आज स्वतःची पाण्याची बाटली घेऊन निघाली, ती नरडाण्यालाच संपली. स्टेशनवर मी दुसरी घेऊ लागलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. इंदीना हातनंच पानी पिसू." तेव्हापासून प्यायलेली नाही. आता तुझ्या पायरीखाली उभी आहे, आणि तू बोलावल्याशिवाय वर चढणार नाही म्हणते. पत्राची आठ पानं झाली आहेत आणि दाराखालून एका वेळी एकच जातं. त्यामुळे हे शेवटचं पान मी बाकीच्या सातांच्या आधी आत सरकवतोय. खुलासा नंतर सवडीने वाच, नाही वाचलास तरी चालेल. आई उन्हात उभी आहे, अक्का. दार उघड.